फोनवरून फोनवर फाइल पाठवताना: आधी घेणारा तयार, मग देणारा

"मामा, बारा टक्क्यांवरच अडकलंय रे हे."

चिपळूणला साखरपुड्याच्या हॉलमध्ये भाचीने फोन माझ्यासमोर धरला तेव्हा दुसरी पंगत बसत होती. व्हिडिओ दीड जीबीचा. ती तो ब्लूटूथवरून पाठवत होती आणि पुण्याची गाडी चाळीस मिनिटांत सुटणार होती. खरं तर अडकलं काहीच नव्हतं. ब्लूटूथ आपल्या वेगाने इमानेइतबारे काम करत होतं, फक्त दीड जीबीला त्याला दीड तासाहून जास्त लागतो. ते रद्द करून दुसऱ्या पद्धतीने पाठवला, तेव्हा ताटात गुलाबजाम येईपर्यंत तोच व्हिडिओ गेलासुद्धा.

घरातले, सोसायटीतले, ट्रेकच्या ग्रुपमधले फोन असे माझ्या हातात सारखे येतात. तक्रारी ठरलेल्या असतात: "फोन दिसतच नाही", "कनेक्ट होतं पण जात नाही", "गेलं म्हणतोय पण सापडत नाही", "सापडलं पण उघडत नाही". यातल्या बहुतेक वेळा लोक पाठवणाऱ्या फोनशी झटापट करत बसलेले असतात आणि घोळ घेणाऱ्याच्या फोनमध्ये असतो. खालचा क्रम त्यासाठीच आहे. तो उलटा केला की तासभर जातो.

एवढं डोक्यात ठेवा

अँड्रॉइडमधलं क्विक शेअर असो वा आयफोनमधलं एअरड्रॉप, फाइल पाठवायच्या या दोन्ही सोयींत काम दोन जणांत वाटलेलं असतं. ब्लूटूथ फक्त हाक मारतं: "अरे, आसपास कोण आहे?" समोरच्याने ओ दिली की खरं ओझं वाय-फाय उचलतं, तेही राउटरला न विचारता, थेट या फोनवरून त्या फोनवर. म्हणून दोन्ही चालू लागतात. "इथे वाय-फायच नाही, मग चालू कशाला करू?" हा प्रश्न मला प्रत्येक ट्रेकला कुणीतरी विचारतंच. वाय-फाय चालू असणं वेगळं आणि इंटरनेटला जोडलेलं असणं वेगळं. कोकणकड्यावर रेंजचा एक ठिपका नसतो, तिथेही या पद्धतीने फोटो जातात.

टप्पा १: समोर कोणते दोन फोन आहेत ते पाहा

फाइलला हात लावण्याआधी हा प्रश्न. उत्तरं चारच आहेत.

दोन्ही अँड्रॉइड असतील तर क्विक शेअर. गुगलने हे २०२० मध्ये निअरबाय शेअर या नावाने आणलं. सॅमसंगचं स्वतःचं क्विक शेअर वेगळं होतं. जानेवारी २०२४ मध्ये दोन्ही एक झाली आणि नाव क्विक शेअर राहिलं. जुन्या फोनवर अजून जुनं नाव दिसलं तर गोंधळू नका, गोष्ट तीच आहे. अँड्रॉइड ६ किंवा त्यापुढचं असलं की पुरतं, म्हणजे कपाटात पडलेला जुना फोनसुद्धा बहुधा चालतो.

दोन्ही आयफोन असतील तर एअरड्रॉप. दुसरं काही शोधू नका.

एक अँड्रॉइड आणि एक आयफोन असेल, तर भांडणं इथेच होतात. ब्लूटूथने फाइल जाणार नाही, कितीही पेअर करा. यासाठी टप्पा ४ मधला "क" भाग वाचा.

एक फोन साधा, बटणांचा असेल तर ब्लूटूथ, आणि फाइल छोटी.

सावध: शेअरइट आणि झेंडर ही दोन ॲप भारत सरकारने २९ जून २०२० ला बंदी घातलेल्या ५९ ॲपच्या यादीत होती. तरीही कुठल्यातरी वेबसाइटवरून त्यांची फाइल उतरवून टाकणारे लोक मला भेटतात. अशा अनोळखी जागेवरून आलेल्या ॲपला तुम्ही फोनमधल्या सगळ्या फाइल बघायची परवानगी देऊन बसता. काही गरज नाही, फोनमध्ये आधीपासूनच सोय आहे.

टप्पा २: फाइल केवढी आहे ते बघा

फोटो किंवा व्हिडिओ उघडा आणि वर सरकवा, किंवा तीन टिंबांवर जाऊन "डिटेल्स" बघा. आकडा एमबीत आहे की जीबीत, तेवढंच हवं.

फोनचं साधं ब्लूटूथ चांगल्या परिस्थितीतही सेकंदाला साधारण दोन मेगाबिट नेतं. म्हणजे मिनिटाला जेमतेम १५ एमबी. चार एमबीचा एक फोटो पाव मिनिटात जाईल. पन्नास फोटो म्हणजे तेरा-चौदा मिनिटं. एक जीबीचा व्हिडिओ म्हणजे तास उलटून जाणार, आणि मध्ये कुणी फोन खिशात घालून उठला तर पुन्हा पहिल्यापासून. वाय-फायवरून तोच एक जीबी मधल्या किमतीच्या फोनमध्येही दोन-तीन मिनिटांत जातो. माझा नियम सोपा आहे: २० एमबीच्या वर ब्लूटूथ नाही.

खात्री करा: घेणाऱ्याच्या फोनमध्ये जागा आहे का? सेटिंगमध्ये "स्टोरेज" बघा. दोन जीबीची फाइल घ्यायची तर किमान चार जीबी मोकळे असू द्या. जागा संपली तर बरेच फोन शेवटच्या टप्प्यावर नुसतं "अयशस्वी" म्हणून मोकळे होतात, कारण सांगतच नाहीत.

"मग व्हॉट्सॲपवरूनच टाकतो की" असंही कुणी म्हणतं. टाका, पण फोटो म्हणून टाकलात तर तो दाबून लहान केला जातो. साखरपुड्याच्या फोटोची फ्रेम करायला गेल्यावर ते कळतं. व्हॉट्सॲपच वापरायचं असेल तर "डॉक्युमेंट" म्हणून पाठवा. मात्र त्याला नेट लागतं, दोघांचाही डेटा जातो, आणि हॉलमध्ये रेंज नसेल तर तो पर्यायच उरत नाही.

टप्पा ३: घेणाऱ्याचा फोन तयार करा

पाठवणाऱ्याने फोन बाजूला ठेवायचा. घेणाऱ्याने आपल्या फोनवर एकेक गोष्ट बघायची, याच क्रमाने:

१. स्क्रीन चालू आणि लॉक उघडलेलं. फोन खिशात किंवा टेबलावर काळा पडलेला असेल तर तो बहुधा दिसणार नाही. "दिसत नाही" या तक्रारीचं हे सगळ्यात साधं कारण, आणि शिकलेल्या लोकांचंही हेच होतं.

२. ब्लूटूथ चालू, वाय-फाय चालू. विमान मोड बंद. वाय-फाय हॉलच्या किंवा हॉटेलच्या नेटवर्कला जोडलेलं असेल आणि गाडी रेंगाळत असेल, तर ते नेटवर्क सोडा. वाय-फायचं बटण मात्र चालूच ठेवा.

३. अँड्रॉइड असेल तर लोकेशन चालू. फाइल पाठवायला मी कुठे आहे हे कशाला, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण आसपासचे फोन शोधणं म्हणजे आसपासचे सिग्नल वाचणं, आणि सिग्नल वाचले की जागा ओळखता येते. म्हणून अँड्रॉइडने ते लोकेशनच्या परवानगीला बांधलं आहे. काम झालं की बंद करा.

४. हॉटस्पॉट बंद. आयफोनवर "पर्सनल हॉटस्पॉट" चालू असेल तर एअरड्रॉप अडतं. ट्रेनमध्ये बायकोच्या फोनला नेट दिलेलं असतं आणि ते विसरून लोक एअरड्रॉपला शिव्या घालतात.

५. बॅटरी सेव्हर बंद. बॅटरी वाचवताना फोन पहिल्यांदा अशीच मागे चालणारी कामं कापतो.

६. दिसण्याची परवानगी. सगळ्यात जास्त घोळ इथे होतो, म्हणून याला थोडा वेळ द्या.

अँड्रॉइडवर वरून पडदा खाली ओढा आणि "क्विक शेअर"च्या बटणावर जा. बटण नसेल तर सेटिंगमधल्या शोधात ते नाव टाका. तिथे कोणाला दिसायचं ते विचारलं जातं: फक्त स्वतःचे फोन, कॉन्टॅक्टमधले लोक, किंवा सगळे. "स्वतःचे फोन" निवडलेलं असेल तर मावशीचा फोन जन्मात दिसणार नाही. समोरचा माणूस कॉन्टॅक्टमध्ये नीट सेव्ह नसेल तर "सगळे" निवडा आणि सोबत दहा मिनिटांची मर्यादा दिसली तर तीही ठेवा.

आयफोनवर वरच्या उजव्या कोपऱ्यातून (होम बटणवाल्या जुन्या आयफोनवर खालून) कंट्रोल सेंटर ओढा. विमान, वाय-फाय, ब्लूटूथ ज्या चौकटीत आहेत ती चौकट दाबून धरा आणि एअरड्रॉपवर जा. पर्याय तीन: बंद, फक्त कॉन्टॅक्ट, आणि "एव्हरीवन फॉर टेन मिनिट्स". शेवटचा निवडा. "फक्त कॉन्टॅक्ट"मध्ये एक खोच आहे. दोघांनीही आयक्लाउडमध्ये साइन इन केलेलं हवं आणि दोघांच्याही कॉन्टॅक्टमध्ये समोरच्याचा तोच नंबर किंवा ईमेल हवा जो त्याच्या ॲपल खात्याला जोडलेला आहे. भाऊ "दादा नवीन नंबर" म्हणून सेव्ह आहे आणि त्याचं ॲपल खातं जुन्या ईमेलवर आहे, तर फोनच्या लेखी तो परका.

दहा मिनिटांची मर्यादा ही डोकेदुखी नाही, सोय आहे. आयफोनमध्ये पूर्वी "सगळे" कायमचं ठेवता यायचं आणि लोकलच्या गर्दीत कुणीही काहीही पाठवायचा प्रयत्न करायचा. फक्त एवढं ध्यानात ठेवा की आधी पर्याय चालू करून मग अर्धा तास फोटो निवडत बसलात, तर वेळ उलटून गेलेली असते.

खात्री करा: घेणाऱ्याच्या फोनचं नाव काय आहे? घरात एकाच मॉडेलचे तीन फोन असले तर यादीत तीन सारखी नावं येतात आणि व्हिडिओ सासूबाईंच्या फोनवर जातो. सेटिंगमध्ये "अबाउट फोन" किंवा आयफोनवर "जनरल – अबाउट – नेम" इथे नाव बदलता येतं. स्वतःचं पूर्ण नाव टाकू नका, अनोळखी माणसालाही ते दिसतं. "निळा फोन" चालेल.

टप्पा ४: आता पाठवा

अ. अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवर

गॅलरीत फाइल निवडा, "शेअर" दाबा, "क्विक शेअर" निवडा. दोन्ही फोन हातभर अंतरावर ठेवा. घेणाऱ्याचं नाव दिसलं की त्यावर टिचकी मारा. घेणाऱ्याच्या फोनवर विचारणा येते. दोन्ही पडद्यांवर चार आकडी पिन दिसत असेल तर तो सारखा आहे ना बघा, मगच "स्वीकारा". गर्दीच्या हॉलमध्ये हे दोन सेकंद वाया जात नाहीत.

नाव दिसलं नाही तर लगेच पुन्हा पुन्हा दाबत बसू नका. दहापर्यंत मोजा. तरीही नाही दिसलं तर घेणाऱ्याच्या फोनचं ब्लूटूथ बंद-चालू करा. पाठवणाऱ्याचं नव्हे, घेणाऱ्याचं. तरीही नाही, तर टप्पा ३ ची यादी वरून खाली पुन्हा. नव्या आवृत्तीत क्यूआर कोडनेही पाठवता येतं. कॉन्टॅक्टमध्ये नसलेल्या माणसाला द्यायचं असेल तर तेच बरं.

विंडोज लॅपटॉपसाठीही गुगलचं क्विक शेअर आहे. एकदा टाकून ठेवलं की फोटो लॅपटॉपवर घ्यायला केबल शोधावी लागत नाही.

ब. आयफोनवरून आयफोनवर

फोटोंमध्ये निवडा, शेअरच्या चौकोनावर जा. तिथे वर बारीक अक्षरात "ऑप्शन्स" असतं, त्याकडे कुणी बघत नाही. ते उघडा. फोटो कुठे काढला ती जागा सोबत पाठवायची की नाही, हे इथे ठरतं. ट्रेकचा फोटो असेल तर जाऊ द्या. घरातल्या लहान मुलाचा फोटो अनोळखी माणसाला देत असाल तर "लोकेशन" काढा. मग एअरड्रॉप, मग नाव.

आयओएस १७ पासून फोन एकमेकांजवळ नेले तरी शेअरिंग सुरू होतं. फोटो उघडा ठेवून दोन्ही फोनची डोकी एकमेकांजवळ आणा. गंमत म्हणून छान आहे. पण दहा जणांच्या घोळक्यात नाव निवडलेलंच सुरक्षित.

सावध: पाठवणं चालू असताना लांब गेलात, तर नव्या आयओएसमध्ये उरलेला भाग इंटरनेटवरून जाऊ शकतो. दोन जीबीचा व्हिडिओ पाठवायला लावून तुम्ही गाडीत बसलात, तर त्या दिवसाचा डेटा गेलाच. एअरड्रॉपच्या सेटिंगमध्ये मोबाइल डेटाचा पर्याय आहे, तो बंद करून ठेवा.

क. अँड्रॉइड आणि आयफोन

आधी काय करू नये ते सांगतो. ब्लूटूथच्या यादीत आयफोन दिसतो. पेअरही होतो. "कनेक्टेड" असंही लिहून येतं. पण आयफोन दुसऱ्या फोनकडून ब्लूटूथने फाइल घेत नाही आणि देतही नाही. त्याचं ब्लूटूथ हेडफोन, घड्याळ, गाडीचा स्पीकर यांच्यासाठी आहे. माझ्या एका मित्राने यात पाऊण तास घालवला, दोन्ही फोन रीस्टार्ट केले आणि शेवटी माझ्यावरच चिडला.

सोपा रस्ता नव्याने खुला होतो आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये गुगलने पिक्सेल १० च्या फोनांवर क्विक शेअर आणि एअरड्रॉप यांचं जुळवून दिलं. आयफोन "एव्हरीवन फॉर टेन मिनिट्स"वर ठेवला की पिक्सेलच्या यादीत तो दिसतो. तुमच्या अँड्रॉइडवर ही सोय आहे का, हे शेअरचा पडदा उघडून आयफोन दिसतो का यावरूनच कळेल. दिसला तर पुढचं वाचायची गरज नाही.

नसेल तर हॉटस्पॉटचा रस्ता. दोन्ही फोन एकाच छोट्या नेटवर्कवर आणायचे आणि त्यावरून फाइल ढकलायची. मी लोकलसेंड नावाचं ॲप वापरतो. ते मोफत आहे, त्याचा कोड खुला आहे, जाहिराती नाहीत आणि अँड्रॉइड, आयफोन, विंडोज, मॅक सगळीकडे चालतं. क्रम मात्र पाळा:

१. घरून निघण्याआधी दोन्ही फोनवर ॲप टाकून ठेवा. ॲप वापरायला नेट लागत नाही, पण उतरवायला लागतं. ट्रेकला पोहोचल्यावर आठवलं तर उपयोग नाही.

२. हॉटस्पॉट अँड्रॉइडवर चालू करा आणि त्या फोनचा मोबाइल डेटा बंद करा. आयफोनवर मोबाइल डेटा बंद असला की हॉटस्पॉटच मिळत नाही, म्हणून यजमान अँड्रॉइड बरा. डेटा बंद का? तुमच्या हॉटस्पॉटला जोडल्यावर समोरचा आयफोन त्याला घरचं वाय-फाय समजून फोटोंचा बॅकअप सुरू करू शकतो. मग तुमचा दिवसाचा डेटा त्याच्या आयक्लाउडवर खर्च होतो.

३. आयफोन त्या हॉटस्पॉटला जोडा. "इंटरनेट नाही" असं आलं तरी जोडलेला राहू द्या. हॉटस्पॉट दिसतच नसेल तर अँड्रॉइडच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये ५ ऐवजी २.४ गिगाहर्ट्झ निवडून बघा. वेग कमी होईल, पण जुने फोन दिसतील.

४. दोन्हीकडे ॲप उघडा. आयफोन पहिल्यांदा विचारतो: "स्थानिक नेटवर्कवरच्या उपकरणांना शोधू देऊ?" होय म्हणा. घाईत नाही म्हटलं तर दोन्ही फोन एकमेकांना कधीच दिसत नाहीत आणि कारणही कळत नाही. चूक झालीच तर आयफोनच्या सेटिंगमध्ये "प्रायव्हसी – लोकल नेटवर्क"मध्ये जाऊन चालू करा.

५. व्हीपीएन वापरत असाल तर बंद.

६. पाठवा, आणि संपेपर्यंत दोन्हीकडे ॲप पडद्यावर ठेवा. आयफोन मागे गेलेल्या ॲपला लगेच झोपवतो. मध्येच फोन आला आणि उचललात, तर फाइल अर्धी.

हॉटेलच्या किंवा हॉलच्या वाय-फायवर हे बहुधा चालत नाही. तिथे पाहुण्यांचे फोन एकमेकांना दिसू नयेत अशी व्यवस्था केलेली असते, आणि ती योग्यच आहे. स्वतःचा हॉटस्पॉटच घ्या.

ड. ब्लूटूथ, जिथे दुसरं काही नाही

आजोबांच्या बटणांच्या फोनमध्ये एक अभंग टाकायचा आहे, किंवा एखादा नंबर. दोन्हीकडे ब्लूटूथ चालू, घेणाऱ्याचा फोन "दिसणारा" केलेला, पेअर करताना दोन्ही पडद्यांवरचा आकडा जुळवून बघितलेला, मग फाइलवर शेअर – ब्लूटूथ – नाव. समोरच्या फोनवर "घेऊ का?" असं येतं आणि थोड्या वेळात मावळतं. आजोबांना चष्मा शोधायला लागतो, म्हणून त्यांचा फोन तुमच्याच हातात ठेवा. गाण्यासाठी एमपी३ च निवडा, साधे फोन सगळेच प्रकार वाजवत नाहीत.

एनएफसीबद्दल एक गैरसमज

एनएफसी म्हणजे दोन उपकरणं अगदी जवळ आणली की चालणारी बिनतारी सोय. तिच्यामुळे फोनला फोन टेकवून फाइल जाते, असं अजून अनेकांना वाटतं. अँड्रॉइडमध्ये २०११ पासून "बीम" नावाची सोय होती खरी. गुगलने अँड्रॉइड १० पासून ती बाजूला सारली आणि पुढे काढूनच टाकली. आज एनएफसी कार्ड वाचायला आणि टेकवून पैसे द्यायला आहे. त्याचा पल्ला चार-एक सेंटिमीटर, आणि वेग फोटोसाठी पुरेसा नाही. सेटिंगमध्ये एनएफसी चालू करून फोन पाठीला पाठ लावून बसू नका.

टप्पा ५: गेलं की नाही ते घेणाऱ्याने बघायचं

"सेंट" असं पाठवणाऱ्याच्या पडद्यावर आलं म्हणजे काम झालं असं नाही. घेणाऱ्याने चार गोष्टी बघायच्या.

सापडली का? आयफोनवर एअरड्रॉपने आलेले फोटो-व्हिडिओ फोटोंच्या यादीत जातात, इतर फाइल कुठल्या ॲपमध्ये उघडू असं विचारलं जातं. अँड्रॉइडवर क्विक शेअरच्या फाइल "डाउनलोड्स"मध्ये बघा, काही फोनवर आत वेगळा फोल्डर असतो. ब्लूटूथने आलेल्यांचीही अशीच वेगळी यादी ब्लूटूथच्या सेटिंगमध्ये मिळते. गॅलरीत "कॅमेरा"च्या अल्बममध्ये शोधू नका, तिथे ते कधीच येत नाहीत.

संख्या जुळते का? ८४ फोटो पाठवले आणि ७९ आले, असं होतं. निवडताना किती निवडले तो आकडा लक्षात ठेवा.

उघडतो का? व्हिडिओ शेवटाकडे ओढून बघा. सुरुवात चालते आणि मध्येच काळं होतं, म्हणजे तुटला आहे.

आयफोनचा फोटो अँड्रॉइड किंवा लॅपटॉपवर उघडत नसेल तर फाइल बिघडलेली नाही. आयफोन २०१७ पासून फोटो एचईआयसी या प्रकारात काढतो, जागा निम्मी लागते म्हणून. नवे अँड्रॉइड तो उघडतात, जुने फोन आणि विंडोजचे बरेच लॅपटॉप अडतात. पुढच्या वेळी आयफोनच्या "सेटिंग – कॅमेरा – फॉरमॅट्स"मध्ये "मोस्ट कंपॅटिबल" निवडा, जेपीजी निघतील. काढून झालेल्या फोटोंवर मात्र याचा परिणाम होत नाही, ते बदलूनच घ्यावे लागतात. हलणारे "लाइव्ह" फोटो दुसरीकडे गेले की स्थिर होतात किंवा फोटो आणि छोटा व्हिडिओ असे दोन तुकडे होतात. त्यातही काही बिघडलेलं नसतं.

सावध: या चारही गोष्टी होईपर्यंत मूळ फोनमधून काहीही डिलीट करू नका. फोनमध्ये जागा नाही म्हणून पाठवलं, लगेच पुसलं, आणि नंतर कळलं की शेवटचे अकरा फोटो आलेच नव्हते. हे मी माझ्या घरातच पाहिलं आहे, बारशाचे फोटो होते. तेव्हापासून एक रात्र मूळ फोटो तसेच राहतात.

टप्पा ६: दार लावून घ्या

काम झाल्यावर दिसण्याची परवानगी पुन्हा "कॉन्टॅक्ट" किंवा "बंद" करा. दहा मिनिटांची मर्यादा आपोआप बंद होते, पण ती न लावता "सगळे" ठेवलं असेल तर ते तसंच राहतं. हॉटस्पॉट बंद करा. ब्लूटूथने पेअर केलेला परका फोन यादीतून काढून टाका, नाहीतर वर्षभराने यादीत तीस नावं होतात आणि नेमकं हवं ते सापडत नाही. लोकेशन आणि बॅटरी सेव्हर पूर्ववत.

अनोळखी नावाकडून काही घ्यायची विचारणा आली तर "नाकारा". आत काय आहे ते बघायला म्हणून घेऊ नका, आणि कुणाकडून ॲपची फाइल आली तर ती टाकू नका, मग तो चुलतभाऊ का असेना. त्याला ती कुठून मिळाली हे त्यालाही माहीत नसतं.

यासाठी ही पद्धत वापरू नका

नवा फोन घेतला आणि जुन्यातलं सगळं हलवायचं आहे? क्विक शेअर किंवा एअरड्रॉपने एकेक फोल्डर ढकलत बसू नका. नवा फोन पहिल्यांदा चालू करताना "जुन्या फोनमधून आणायचं का?" असं विचारतो, तिथेच हो म्हणा, आणि शक्य असेल तर केबलने. व्हॉट्सॲपच्या गप्पांसाठी व्हॉट्सॲपच्याच सेटिंगमध्ये "चॅट्स – ट्रान्सफर चॅट्स" आहे. जुन्या फोनवर क्यूआर कोड स्कॅन करायचा, सगळं थेट फोनवरून फोनवर जातं. पण हे अँड्रॉइडवरून अँड्रॉइडवर किंवा आयफोनवरून आयफोनवर. अँड्रॉइड आणि आयफोन अशी अदलाबदल असेल तर त्याची पद्धत वेगळी आहे.

आणि पाहुण्यांना घरचा वाय-फाय पासवर्ड सांगायचा असेल तर फाइलही नको, पाठवणंही नको. अँड्रॉइड १० पासून वाय-फायच्या सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कवर "शेअर" दाबलं की क्यूआर कोड येतो. समोरच्याने कॅमेरा धरला की झालं, आयफोन असला तरी. आमच्याकडे त्या कोडचा प्रिंट फ्रिजवर चिकटवला आहे. भाची परवा आली होती. तिने तो स्कॅन केला, सोफ्यावर बसली आणि स्वतःहून माझ्या फोनचं लॉक उघडून माझ्या हातात दिला: "मामा, आधी तू 'सगळे'वर ठेव, मग मी पाठवते."